मदत हवी आहे: महामार्ग टाळून सातारा ते मेणवली-धोम, दोन दिवसांचा सायकल प्रवास

नमस्कार.

येत्या हिवाळ्यात सातारा शहरातून निघून कृष्णाकाठाने लिंब, वाई, मेणवली आणि धोम येथपर्यंत जायचे, वाईत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी कुडाळ खोऱ्यातून मेढ्यावरून परत यायचे, असा बेत आम्ही आखत आहोत. आम्ही तिघे आहोत: मी, नववीत शिकणारी माझी मुलगी आणि ६७ वर्षांचे माझे वडील, ज्यांना घरातले सगळे आबा म्हणतात. या प्रवासासाठी आमची अट एकच आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरून आणि त्याच्या सेवा रस्त्यावरून सायकल चालवायची नाही, आणि जिथे तो ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही तिथे भुयारी मार्गातून पायी ओलांडायचा.

या अटीमागे कारण आहे. गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघी सेवा रस्त्याने वाईकडे निघालो होतो. एका पुलापाशी तो रस्ता कसलीही सूचना न देता संपला आणि आम्ही थेट मुख्य मार्गाच्या कडेला येऊन पडलो. मागून आलेला कंटेनर इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानेच मुलीचा तोल गेला. ती सुदैवाने डाव्या बाजूला, खडीच्या ढिगावर पडली. कोपर सोलवटले, एवढ्यावरच निभावले. त्यानंतर चार महिने तिने सायकलला हात लावला नाही. आता ती स्वतःहून लांबच्या प्रवासाविषयी विचारू लागली आहे आणि मला हा प्रवास तिच्यासाठी नीट व्हायला हवा आहे. त्यामुळे "थोडेसेच अंतर आहे, सांभाळून जा" असा सल्ला कृपया देऊ नये.

लिंबपर्यंतचा भाग आम्हाला माहीत आहे. पहाटे संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर जायचे, तिथली देवळे पाहायची आणि मग मळ्यांमधल्या रस्त्यांनी लिंबला पोहोचायचे. तिथली बारामोटेची विहीर या वाटेवर चुकवू नये अशी आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. विहीर अष्टकोनी असून वरून पाहिल्यास शिवलिंगाच्या आकाराची दिसते आणि तिची खोली सुमारे ११० फूट सांगितली जाते. पायऱ्या उतरून कमानीखाली गेले की पाण्याच्या बाजूला दगडी महाल लागतो. मागच्या खेपेला आबांनी नातीला वर मोटांच्या (बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी पिशव्यांच्या) जागी उभे करून बैल कुठून कुठे चालत, नाडा (मोटेचा जाड दोर) कुठला आणि सोंदूर (तिच्या सोंडेचा बारीक दोर) कुठला, थारोळ्यात (मोट रिकामी होते त्या हौदात) पाणी कसे पडे, हे हातवारे करून समजावले. आबांनी लहानपणी स्वतः मोट हाकलेली आहे. बारा मोटा एकाच वेळी चालू असताना काय आवाज होत असेल, असे मुलीने विचारले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी मोटेवरचे एक गाणे हळू आवाजात म्हटले. असे थांबे घेत जाण्यासाठीच सायकल हवी, मोटारीतून हे होत नाही.

अडचण लिंबच्या पुढे सुरू होते. नेहमीचा रस्ता महामार्गाने पाचवडपर्यंत आणि तिथून वाईला जातो. तो सोडल्यास कृष्णेच्या पूर्व काठावर जाऊन चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याने भुईंजच्या दिशेने जाता येईल, असे नकाशा पाहून वाटते. नकाशावर मात्र पाणंद (शेतांमधली कच्ची वाट) आणि डांबरी रस्ता एकाच जाडीच्या रेषेने दाखवलेले असतात. त्यामुळे लिंबच्या परिसरात सायकल घेऊन नदी ओलांडता येईल असा पूल नेमका कोणत्या गावाजवळ आहे, आणि पलीकडच्या गावांना जोडणारा रस्ता सलग आहे की मध्ये ओढ्यांमुळे तुटतो, हे तिकडे राहणाऱ्या किंवा शेती असणाऱ्या कोणी सांगितल्यास फार मदत होईल.

दुसरा पर्याय कॅनॉलच्या रस्त्याचा आहे आणि खरे सांगायचे तर माझा ओढा त्याच्याकडेच आहे. धोम धरणाचा डावा कालवा वाई तालुक्यातून कोरेगावच्या दिशेने येतो. कालवा उताराच्या कडेने, जवळजवळ एकाच पातळीवर नेलेला असतो, त्यामुळे त्याच्या भरावावरच्या रस्त्याला चढ-उतार फारसा नसतो, आणि देखभालीच्या गाड्या व शेतकऱ्यांच्या दुचाकी सोडल्या तर वाहनेही नसतात. डोंगर दोन्ही बाजूंना आणि आपण मध्ये सपाटीवर, असा रस्ता सातारा जिल्ह्यात दुसरीकडे कुठे मिळणार? हा कालवा खोदला जात असताना आबा शाळेत होते. सुट्टीच्या दिवशी ते आणि त्यांचे मित्र खोदकाम पाहायला जात असत. पण कालव्यालगतचा रस्ता जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. त्यावरून सायकलने जाण्यासाठी लेखी परवानगी घ्यावी लागते का, आणि घ्यावी लागत असल्यास अर्ज कोणत्या शाखा कार्यालयाकडे करायचा, हे मला हवे आहे. जलसेतू आणि ओढ्यांवरील मोऱ्यांच्या ठिकाणी सायकल उचलून न्यावी लागते की बाजूने वाट आहे, हाही प्रश्न आहेच. तिघांच्या मिळून सामानाच्या चार पिशव्या असतील आणि आबांना सायकल उचलायला लावणे मला पटत नाही.

वाईत पोहोचल्यावर काळजी नाही. ढोल्या गणपतीचे देऊळ, जे गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले, ते मुलीला मागच्या बाजूने दाखवायचे आहे. पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून त्याची नदीकडची भिंत माशाच्या आकाराची ठेवली आहे, हे समोरून दर्शन घेऊन परतणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. तिथून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्यामागचा घाट आणि चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर आणलेल्या घंटांपैकी एक घंटा, हे सगळे एकाच ठिकाणी पाहता येते. घंटेवर १७०७ हे साल आहे. पुढे धोमला नृसिंहाचे देऊळ आहे आणि जवळच महादेवासमोर दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. भोवतीच्या कुंडात पाणी असले म्हणजे कासव तरंगत असल्यासारखे दिसते.

पसरणी घाट, यवतेश्वर आणि कास आम्ही मुद्दाम वगळले आहेत. चढाची भीती नाही. पर्यटकांच्या गाड्या अरुंद वळणांवर ज्या वेगाने येतात, त्याची आहे.

परतीच्या वाटेविषयी मला सर्वांत कमी माहिती आहे. वाईकडून वैराटगडाला वळसा घालून कुडाळ खोऱ्यात शिरायचे, कुडाळहून मधली डोंगररांग ओलांडून मेढ्याला वेण्णेच्या खोऱ्यात उतरायचे आणि कण्हेर धरणाच्या बाजूने साताऱ्याला यायचे, असा विचार आहे. वेळ राहिल्यास पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांच्या समाधीसाठी धावडशीला जाता येईल. वैराटगडाच्या पायथ्याच्या गावांतून कुडाळकडे जाणारा असा रस्ता आहे का, ज्यामुळे पाचवडचा चौक पूर्णपणे टळेल? आणि कुडाळ ते मेढा या टप्प्यात सलग चढ किती किलोमीटरचा आहे?

चढाविषयी विचारण्याचे कारण आबांची सायकल. तिला पुढे २८, ३८ आणि ४८ दातांच्या तीन चकत्या आहेत आणि मागे सात गिअरचे फ्रीव्हील आहे, ज्याची सर्वांत मोठी चकती २८ दातांची आहे. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्येही पायडलचा एक फेरा झाला की चाकाचा एक पूर्ण फेरा होतो. सामानासह घाट चढताना हे त्यांच्या गुडघ्यांना जड जाते. मागे ३४ दातांची चकती असलेले फ्रीव्हील बसवले तर त्याच एका फेऱ्यात चाक सुमारे ०.८२ फेरा फिरेल आणि पायावरचा भार जवळपास १८ टक्क्यांनी हलका होईल. हे करताना मागचा डिरेलरही (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बदलावा लागेल का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

हंगामाविषयीही मन द्विधा आहे. ऑक्टोबरमध्ये डोंगर हिरवे असतात, पण पाणंदीतली काळी माती ओली असली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की शंभर पावलांत चाक फिरायचे थांबते. डिसेंबरमध्ये वाटा कोरड्या होतात, परंतु तोवर गळीत हंगाम भरात आलेला असतो आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर गावरस्त्यांवर येतात. चालकाने टेप मोठ्याने लावलेला असल्यामुळे त्याला मागची घंटा ऐकू येत नाही, आणि ओव्हरटेक करावे तर ट्रॉलीबाहेर आलेला ऊस अंगाला घासतो.

भर (रविवारनंतर): ज्यांनी आतापर्यंत उत्तरे दिली त्यांचे मनापासून आभार. कालव्याचा रस्ता आधी स्वतः पाहून यावा, ही सूचना मला पटली, म्हणून मी गाडीवर सायकल टाकून ओझर्ड्याच्या बाजूला गेले आणि तिथून एकटीने साधारण सहा किलोमीटर जाऊन आले. बहुतेक ठिकाणी मुरूम चांगला दबलेला आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू होते. काठोकाठ भरलेले पाणी एका हाताला आणि हरभऱ्याची शेते दुसऱ्या हाताला, असा तो रस्ता आहे. परंतु पाण्याच्या बाजूला कठडा कुठेही नाही, आणि दोन ठिकाणी वेड्या बाभळी रस्त्यावर इतक्या झुकल्या आहेत की पाण्याच्या कडेने जाण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. मागच्या चाकातून तीन काटे निघाले. एका वस्तीवरची कुत्री अंगावर आली, तेव्हा तिथल्या आजींनी त्यांना हाकलले, मला ताक दिले आणि पुढे मोरी खचली आहे, लेकराला घेऊन येणार असशील तर खालच्या पाणंदीने ये, असे सांगितले.

त्यामुळे आता मी असे ठरवत आहे की कालव्याचा रस्ता आवर्तन बंद असतानाच धरायचा, मुलीला मधे ठेवायचे आणि टायर रुंद घालायचे. डाव्या कालव्याचे डिसेंबर-जानेवारीतले आवर्तन साधारण कधी सुरू होते आणि किती दिवस चालते, हे त्यावर शेती असणाऱ्या कोणी कळवले तर मी तारीख पक्की करू शकेन. पाचवड टाळण्याच्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही. वैराटगडाच्या पायथ्याने गेल्या वर्षभरात कोणी सायकलवर किंवा पायी कुडाळकडे गेले असेल, तर गावांची नावे क्रमाने लिहावीत. रस्ता कच्चा असला तरी चालेल.