महोत्सव निवडताना आधी कलाकारांची यादी बघायची की मैदान?

तारसप्तक: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "महोत्सव निवडायचा म्हणजे कलाकारांचा लाइनअप बघायचा आणि तिकीट काढायचं. बूट, पाणी, वेळापत्रक ही सहलीला जाणाऱ्यांची कामं." खाली सगळ्यांचे अंगठे. मला हे पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

लाइनअप ही जाहिरात असते. कोण कुठल्या स्टेजवर, किती वाजता, हे खूप उशिरा कळतं. तेव्हा लक्षात येतं की आपल्या आवडीचे दोघं एकाच वेळी आहेत आणि दोन स्टेजमध्ये गर्दीतून वीस मिनिटांची चाल आहे. 1969 च्या अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवाला वेळापत्रक इतकं घसरलं की रविवारी रात्री समारोप करायचा तो गिटारवादक जिमी हेंड्रिक्स सोमवारी सकाळी वाजवायला उभा राहिला. तोवर बहुतेक गर्दी घरच्या वाटेला लागली होती. यादीत नाव होतंच की! उलट इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाची तिकिटं मुख्य कलाकार जाहीर व्हायच्या आधीच संपतात. ते लोक त्या जागेवर विश्वास टाकून पैसे भरतात. म्हणून मी आधी हे बघतो: आयोजकांनी पूर्वी काही नीट पार पाडलंय का, पिण्याचं पाणी भरून घेता येतं का, आणि शेवटचं गाणं संपल्यावर परत कसं यायचं. 2017 मध्ये बहामामधल्या फायर महोत्सवाची जाहिरात डोळे दिपवणारी होती. तिथे पोहोचलेल्यांना आपत्तीग्रस्तांसाठीचे तंबू मिळाले.

एकतारी: फायरचं उदाहरण इथे लागूच होत नाही. ती सरळ फसवणूक होती, आयोजकाला त्यासाठी तुरुंगवास झाला. भामट्यावरून सगळ्यांसाठी नियम काढू नका. माझ्या आईने ज्या गायिकेच्या कॅसेट झिजेपर्यंत ऐकल्या, तिचा शेवटचा दौरा होता. मैदान गैरसोयीचं आहे म्हणून आईला सांगायचं का, "राहू दे, पाण्याची सोय नाही"? गेलो, पावसात भिजलो. आई अजूनही त्या संध्याकाळबद्दल बोलते. गाणारं माणूस एकदाच भेटतं, मैदानं पुष्कळ आहेत.

मधली_रांग: तुम्ही दोघंही मुख्य त्रास सोडून बोलताय. समोरचा माणूस अख्खं गाणं मोबाइल उंच धरून उभा असेल तर लाइनअप काय आणि मैदान काय! यावर कुणी बोलेल का? आणि तयारीचंच म्हणाल तर वापरून मऊ झालेले बूट, पातळ रेनकोट आणि इअरप्लग. बाकी सगळं ऐनवेळी जमतं.

घुमारा: इअरप्लग?? गाणं ऐकायला जायचं आणि कानात बोळे कोंबायचे? मग घरीच आवाज कमी करून ऐका. बासचा ठोका छातीत बसतो त्यासाठी लोक जातात. दरवेळी भीती घालणारे कुठून येतात कळत नाही.

सा_लावा: घुमारा, छातीतला ठोका इअरप्लगने जात नाही, तो अंगातून येतो. आणि भीतीचं म्हणाल तर माझा धाकटा भाऊ स्पीकरच्या भिंतीला टेकून नाचायचा. आज त्याच्या कानात अखंड शिट्टी वाजते. पंखा चालू ठेवल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. औषध नाही म्हणून सांगितलंय. तेव्हा "घरीच बसा" हे जरा जपून लिहा.

85 डेसिबल आवाजात 8 तास ही कामगारांसाठी वापरली जाणारी मर्यादा. आवाज दर 3 डेसिबलने वाढला की ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. तुम्ही दिवसभर उभे असता.

घुमारा: तुमच्या भावाचं वाईट वाटलं, खरंच. पण कारखान्याचे नियम गाण्याला लावू नका. माझे वडील आयुष्यभर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत आले, त्यांना अजून कुजबुज ऐकू येते.

सा_लावा: मग गाण्याच्याच मैदानावरचा अभ्यास घ्या. 2015 साली आम्स्टरडॅमच्या खुल्या महोत्सवात 51 जणांना साडेचार तास ठेवलं, आवाज सरासरी 100 डेसिबल. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. इअरप्लग घातलेल्यांच्या 8 टक्के कानांना तात्पुरतं कमी ऐकू आलं, न घातलेल्यांच्या 42 टक्के कानांना. कान वाजण्याचं प्रमाण 12 आणि 40 टक्के. तुमचे वडील एक आहेत.

फेडरवाला: मी साउंडचं काम करतो, म्हणून दोघांना सांगतो. घुमारा यांची तक्रार अर्धी खरी आहे. फोमचे स्वस्त इअरप्लग वरचे स्वर जास्त खातात, म्हणून झांज आणि शब्द गोधडीखालून आल्यासारखे वाटतात. संगीतासाठीचे वेगळे मिळतात, ते सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतात. ते घरी घालून सवय करा. नीट बसले नसतील तर निम्मा उपयोग गेला. लहान मुलांना मात्र इअरप्लग नकोत, कान पूर्ण झाकणारे मफ लावा.

दुसरं, स्टेजला चिकटायला का धावता? मिक्सरच्या टेबलाजवळ उभे राहा. आम्ही तिथे बसून आवाज जुळवतो, त्यामुळे सगळ्यात समतोल तिथेच ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली, सोबत शांत जागा आणि प्रेक्षकांसाठी इअरप्लगसुद्धा. आयोजक हे करतात का, ते तिकिटाआधी विचारा.

तारसप्तक: म्हणजे शेवटी मैदान आणि आयोजकच बघायचे! मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. आणि पुढच्या गर्दीत फक्त कान जात नाहीत. 2000 साली डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात 9 जण, 2021 साली अमेरिकेतल्या ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात 10 जण चेंगरून गेले. यादी दोन्हीकडे जबरदस्त होती.

एकतारी: मृतांची नावं पुढे करून वाद जिंकू नका. ते लोक गाण्यावरच्या प्रेमापोटी गेले होते, चूक व्यवस्थेची होती. हां, आईसारख्या वयस्कर माणसाला न्यायचं असेल तर बाहेर पडायची वाट कुठे आहे ते आधी बघावं, इतकं मान्य. यादी तरीही आधी.

घुमारा: फेडरवाला म्हणतात ते संगीतासाठीचे इअरप्लग एकदा घालून बघेन. बासचा ठोका कमी झाला तर इथेच येऊन लिहीन.

मधली_रांग: आणि मोबाइलचं?