दावित गाबुनिया: नाटककार की अनुवादक?

प्रश्न: जॉर्जियाचे दावित गाबुनिया यांची ओळख कोणी करून देईल का?

उत्तर १: त्यांचा जन्म १९८२ साली काळ्या समुद्राकाठच्या पोती या बंदरात झाला. शेक्सपिअर, स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग आणि चक्क हॅरी पॉटरही जॉर्जियन भाषेत आणणाऱ्या या लेखकाने तिबिलिसीच्या रॉयल डिस्ट्रिक्ट थिएटरसाठी दिग्दर्शक दाता तावाद्झे यांच्यासोबत बरेच काम केले आहे.

उत्तर २: माझ्या मते त्यांचे ‘टायगर अँड लायन’ हे नाटक आधी वाचावे. त्याला १९३७ च्या स्टालिनी दडपशाहीची पार्श्वभूमी आहे. त्या वर्षी कवी पाओलो याश्विली यांनी लेखक संघाच्या इमारतीतच स्वतःवर गोळी झाडली आणि त्यांचे मित्र तित्सियान ताबिद्झे यांना मृत्युदंड देण्यात आला.

उत्तर ३: गाबुनिया यांची कादंबरीही विसरू नका, ती जर्मनमध्ये उपलब्ध आहे.