स्नूसची डबी कुणी दिली आणि कशासाठी दिली

झणझणीत_रस्सा

सिगारेट सोडण्याच्या धाग्यावर काल उत्तरायण यांनी लिहिलंय: 'स्वीडनला आल्यावर ओठाखाली स्नूसची, म्हणजे इथल्या बिनधुराच्या तंबाखूची, पुरचुंडी धरायला लागलो आणि सिगारेट सुटली. जे सरकारला, डॉक्टरांना आणि बायकोला जमलं नाही ते कंपनीने करून दाखवलं. तंबाखू कंपन्यांना उठसूट शिव्या देणं बंद करा आता.' खाली टाळ्याच टाळ्या. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, तुमची सिगारेट सुटली, आनंद आहे. पण ती कंपनीने सोडवली हे काही पचत नाही. मी 2008 ते 2014 न्यू जर्सीत होतो, रोजचं एक पाकीट. सिगारेटवाल्यांनी तिथे स्नूस कसं विकलं ते डोळ्यांनी पाहिलंय. कॅमल सिगारेटवाल्या रेनॉल्ड्सने 2006 साली पोर्टलंड आणि ऑस्टिनमध्ये कॅमल स्नूस आणून अंदाज घेतला, पुढच्या वर्षी फिलिप मॉरिसने डॅलसमध्ये मार्लबोरो स्नूस. नावं बघा ना. कॅमल, मार्लबोरो. ओढणाऱ्याच्या ओळखीची नावं. 'हे घे आणि ते सोड' असं त्याला कुणी म्हणत नव्हतं. म्हणणं असं, की विमानात बसलायस? मीटिंगमध्ये अडकलायस? मग हे घे, बाहेर पडलास की तुझी सिगारेट आहेच. 2011 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कने बागांमध्ये आणि किनाऱ्यांवर सिगारेटबंदी केली, तर कॅमल स्नूसच्या जाहिराती थेट न्यूयॉर्कच्या सिगारेटवाल्यांना हाक मारून. विस्तवाशिवाय स्वातंत्र्य, असा थाट!

बंदीमुळे ज्याच्या दिवसाला चार सिगारेटी चुकल्या असत्या, आणि त्या चुकल्या म्हणून पुढेमागे बाकीच्याही सुटल्या असत्या, त्याची तलफ मधल्या वेळात मरू द्यायची नाही. एवढाच धंदा.

माझंच सांगतो. एका बारमध्ये लायटर फुकट वाटत होते, त्याच्यासाठी लायसन्स स्कॅन करू दिलं. महिन्याभरात घरी कूपनं सुरू, त्यात एक फुकट डबीचं. ब्रँडचं नाव घेत नाही. ऑफिसात डबी, संध्याकाळी पाकीट. सहा महिन्यांनी सिगारेटी 20 च्या 15 झाल्या होत्या, आणि तोंड दिवसभर रिकामं नाही. रात्री दोनला उठून ओढायची सवय मला त्याआधी कधीही नव्हती.

उत्तरायण

माझ्या नावाने धागा, धन्यवाद. कूपन घरी आलं ते तुम्ही लायटरसाठी लायसन्स दिलंत म्हणून, हे तुम्हीच लिहिलंय.

मी ज्या देशात राहतो तिथलं सांगतो. रोज सिगारेट ओढणारे इथे शंभरात पाच-सहा उरलेत. पुरुषांमधला फुप्फुसाचा कॅन्सर युरोपात सगळ्यात कमी असलेल्या देशांत स्वीडन येतो. युरोपीय समुदायाने 1992 मध्ये स्नूसवर बंदी घातली, स्वीडनने 1995 मध्ये आत शिरताना स्वतःपुरती सूट मागून घेतली. नसती घेतली तर माझ्यासारखे आज जिन्यात धापा टाकत असते. पुण्यात कॉलेजपासून रोजच्या 15 होत्या माझ्या. तीनदा सोडल्या, तीनदा धरल्या. गोथेनबर्गला ऑफिसातल्या माणसाने डबी पुढे केली. सहा वर्षं झाली, सिगारेट नाही.

आणि अमेरिकेतल्या जाहिरातींत 'हे सिगारेटपेक्षा कमी घातक आहे' असं का नव्हतं म्हणता? 2009 च्या कायद्याने तसं म्हणायला आधी एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याची, परवानगी लागते. उलट सिगारेटला हा सुरक्षित पर्याय नाही असा इशारा डबीवर छापायला लावलाय सरकारने. खरं बोलायला बंदी करायची आणि मग खरं बोलत नाहीत म्हणून बोंबलायचं.

मोडी_लिपी

ओढा नाहीतर चघळा, थुंकू नका एवढंच म्हणणं आहे. आमच्या सोसायटीच्या जिन्यात कोपऱ्या-कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवल्यात. आता लोक देवाच्या बरोबर एक वीत खाली पिचकारी मारतात.

उत्तरायण

@मोडी_लिपी, स्नूस थुंकावं लागत नाही. वरच्या ओठाखाली धरतात.

आगाऊ_कार्टं

बघा, काकांना डेमो द्यायचा मोह आवरत नाही. कमिशन किती मिळतं?

दाढदुखी

सांगली जिल्ह्यात 31 वर्षं दात काढतोय, म्हणून दोन शब्द.

रस्सा, जिथे ओढता येत नाही तिथे दुसरं काहीतरी द्यायचं ही कल्पना मुळातच पाप आहे असं समजू नका. निकोटिनचं च्युइंगगम तिथूनच निघालं. स्वीडनच्याच पाणबुड्यांतले खलाशी पाण्याखाली गेले की सिगारेटऐवजी तोंडात तंबाखू धरायचे आणि त्यांचं भागायचं. लुंडच्या एका संशोधकाने 1967 मध्ये हे औषध कंपनीतल्या मित्राला पत्राने कळवलं, त्यातून गम झालं. हेतू सोडवण्याचा असला तर तीच युक्ती औषध ठरते.

उत्तरायण, स्वीडनचे आकडे खरे आहेत, पण इथे ओतू नका. स्नूस वाफेवर तापवतात, आंबवत नाहीत, त्यामुळे नायट्रोसअमाइन्स, म्हणजे कॅन्सर करणारी रसायनं, कमी राहतात. आपल्याकडे मळलेल्या तंबाखूत चुना, गुटख्यात वर सुपारी. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे 3.8 टक्के आणि धूर न काढता तंबाखू खाणारे-लावणारे 24.4 टक्के. 'बिनधुराची तंबाखू बरी' हे अर्धं वाक्य इथे पोचलं तर माझ्या खुर्चीत काय येऊन बसेल ते मी रोज बघतो. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही अशी तिशीतली पोरं.

कोकणकडा

सगळं कंपन्यांवर ढकलायची फॅशन आहे. माझी आजी 60 वर्षं मिश्री लावायची. तिला कुणी कूपन पाठवलं होतं? तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी अंगणात बसून बायका मिश्री लावायच्या, तेवढाच त्यांचा हक्काचा अर्धा तास. 88 व्या वर्षी गेली, दात शाबूत. बाजार नव्हता तेव्हाही तंबाखू होती.

पाटपाणी

कोकणातले म्हणवता आणि मिश्री काय म्हणता? मशेरी.

कोकणकडा

आमच्याकडे मिश्रीच म्हणायचे. विषय काय, तुमचं काय.

दाढदुखी

प्रत्येकाची एक आजी असते जी 88 व्या वर्षी शाबूत दातांनी जाते. माझ्याकडे येतात त्या उरलेल्यांच्या आज्या. आणि बाजार नव्हता म्हणू नका. केंद्र सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घालत होते म्हणूनच केली ना? 'दात घासायची वस्तू' म्हणून विकली की बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजतच नाही. केसपेपरवर 'व्यसन: नाही' आणि हिरडी काळीठिक्कर. विचारलं तर म्हणते, 'छे हो डॉक्टर, फक्त मिश्री.'

कोकणकडा

म्हणजे आमच्या आज्या अडाणी, आणि न्यू जर्सीत लायटरसाठी लायसन्स देणारे शहाणे. शहरात बसून गावाला नावं ठेवायची हौस आहे तुम्हा लोकांना. बायकांना अर्धा तास बसायला मिळायचं ते तरी कुठे बघवतं.

परसदार

मी सहसा लिहीत नाही. पण त्या अर्ध्या तासाबद्दल इतकं गोड लिहिलंय म्हणून.

मला मिश्री सासूबाईंनी लावली. पहिल्या खेपेला पोट साफ होत नव्हतं, त्या म्हणाल्या चिमूटभर लाव, लगेच होईल. झालंही. एकोणीस वर्षांची होते. बाळंतपण झालं, पोट बरं झालं, मिश्री राहिली. सकाळची एकदा होती ती दुपारी भांडी झाल्यावर, मग रात्री झोपताना. अर्धा तास हक्काचा म्हणता, तर पाहुण्यांकडे मुक्कामाला गेलं की संडासात डबी घेऊन जायचं, हा कसला हक्क? लेकीच्या साखरपुड्याला तीन तास मिश्रीशिवाय बसले तर हात कापत होते, व्याही म्हणाले आईला ताप आहे का. बाहेर ओढायला जाऊन येतो असं पुरुष सांगू तरी शकतात.

आणि भाजण्याचं म्हणाल तर आमच्याकडे मी आल्यापासून कुणी भाजली नाही, किराण्याच्या दुकानात तयार पुडी मिळायची. धण्याजिऱ्याच्या शेजारी. यादीत 'मि.' असं लिहायचं, मुलगा जाऊन आणायचा.

कोकणकडा

ताई, तुमच्याबद्दल नव्हतं. आजीबद्दल होतं.

परसदार

माझ्याही नातवंडांची आजी मीच.

पाटपाणी

या प्रतिसादानंतर मशेरीचा मुद्दा मागे घेतो.

झणझणीत_रस्सा

मंडळी, मिश्रीचा वेगळा धागा काढा, हा कंपन्यांचा आहे. खरं तर ताईंनी माझाच मुद्दा लिहिलाय, धण्याजिऱ्याच्या शेजारी.

उत्तरायण, तुम्ही एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत. तुमच्या स्वीडनमध्ये स्नूस विकणाऱ्या स्वीडिश मॅचने 1999 मध्ये आपला सिगारेटचा धंदा विकून टाकला होता. मग सिगारेट सुटली तर त्यांचा फायदाच. अमेरिकेत उलटं. रेनॉल्ड्सने 2006 मध्ये कॉनवुड घेतली, अमेरिकेतल्या मार्लबोरोवाल्या आल्ट्रियाने 2009 मध्ये यूएसटी घेतली, म्हणजे चघळायच्या तंबाखूच्या दोन मोठ्या कंपन्या सिगारेटवाल्यांच्या खिशात. ज्याच्या एका हातात पाकीट आणि दुसऱ्यात डबी, तो तुम्हाला पाकीट टाकायला कशाला सांगेल?

उत्तरायण

1999 चं मला माहीत नव्हतं. बरं, दिला तुम्हाला एक गुण, भिंतीवर लावा. पण मग हेही लिहा की त्याच स्वीडिश मॅचच्या जनरल स्नूसला ऑक्टोबर 2019 मध्ये एफडीएने परवानगी दिली, सिगारेटऐवजी हे वापरलं तर तोंडाचा कॅन्सर, हृदयविकार, फुप्फुसाचा कॅन्सर यांचा धोका कमी, असं म्हणायला. *ऐवजी*. जोडीला नव्हे. तुमच्यासारखी जोडीला वापरणाऱ्यांची जबाबदारी माझ्या ओठावर नाही.

झणझणीत_रस्सा

आणि 2022 मध्ये ती स्वीडिश मॅच कुणी विकत घेतली? फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने. अमेरिकेबाहेरचा मार्लबोरो विकते तीच. आता 'ऐवजी' किती दिवस टिकतं बघू.

आगाऊ_कार्टं

टीव्हीवर मोठमोठे नट वेलची विकतात आपल्याकडे. 2012 ला राज्यात गुटखा बंद झाला तर टपरीवाल्याने मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी करून दिली. तळहातावर एकत्र करायचं काम गिऱ्हाइकाचं. तुमचे अमेरिकावाले कूपन छापत बसले.

मोडी_लिपी

आणि दोन्ही पुड्यांची पिचकारी एकच.

परसदार

उत्तरायण, तुम्हाला एक विचारायचं होतं, टोमणा नाही. तुमची सिगारेट सुटली. ते ओठाखालचं सोडून बघितलंत का कधी?

उत्तरायण

सोडायची गरज वाटली नाही. त्यात काही वावगं नाही.

परसदार

नाही, किती दिवस राहिलात त्याच्याशिवाय, एवढंच.

उत्तरायण

गेल्या वर्षी पुण्याला येताना डबी चुकून चेक-इन बॅगेत गेली. बॅग दोन दिवसांनी आली. बायको म्हणते दोन दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी टपरीवर जाणार होतो, पण बॅग आली.

परसदार

सिगारेट आणायला?

उत्तरायण

हो.

परसदार

मला मिश्री सोडून चार वर्षं झाली. पहिले पंधरा दिवस लवंग धरत होते दाढेखाली. तुम्ही पुढच्या वेळी लवंग हातातल्या बॅगेत ठेवा.