ज्याचा प्लॉट, त्याचीच रेघ

गिरणाकाठ:
काल इथेच एका साहेबांनी लिहिलं होतं, "नियोजन समितीवर आर्किटेक्ट, बिल्डर, प्लॉटिंगवाले दिसले की लगेच बोंबाबोंब. अरे, पोटात दुखलं तर डॉक्टरकडेच जाता ना, की न्हाव्याकडे?" खाली अंगठेच अंगठे. तिथे उत्तर लिहायला बसलो तर ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

साहेब, डॉक्टरकडेच जातो. पण कापूस मोजताना मापाडी तिसरा लागतो. व्यापाऱ्याला कापूस कळत नाही म्हणून नव्हे. फार चांगला कळतो, म्हणूनच काटा त्याच्या हातात देत नाहीत.

आता माझं ऐका. आमची जमीन एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या हद्दीत. गावाचं नाव घेत नाही, भाऊ अजून तिथेच राहतो. विकास आराखड्याचं, म्हणजे गावात कुठे रस्ता, कुठे बगीचा ते ठरवणाऱ्या नकाशाचं, प्रारूप प्रसिद्ध झालं. नकाशा पाणीपट्टीच्या खिडकीशेजारी चिकटपट्टीने लावलेला, गट नंबर इतके बारीक की भावाने स्वतःच्या चष्म्यापुढे वडिलांचा चष्मा धरून वाचले. हायवेकडून येणारा 18 मीटरचा रस्ता दोन गट सरळ येतो, तिसऱ्याच्या बांधाशी कोपरासारखा वळतो आणि थेट आमच्या विहिरीवरून जातो. तिसरा गट म्हणजे समितीतल्या एका सदस्याच्या शालकाचं प्लॉटिंग. त्या प्लॉटिंगवर बोर्ड होता, 'प्रस्तावित 18 मीटर डीपी रोड टच'. डीपी म्हणजे हाच विकास आराखडा. प्रारूप बाहेर यायच्या आठ महिने आधीपासून उभा होता तो. बोर्ड आधी, नकाशा नंतर.

सुनावणीला गेलो. समोर सात जण, त्यात ते सदस्यही. पोह्यांच्या बशा फिरत होत्या. वडिलांनी सातबारा पुढे केला, विहिरीची नोंद दाखवली. त्याच सदस्याने उतारा हातात घेतला, अगदी सावकाश वाचला आणि म्हणाला, "नाना, रस्ता सगळ्यांसाठीच असतो." पुढचा नंबर पुकारला.

माझं मागणं एवढंच. आपला, बायकोचा, भागीदाराचा, शालकाचा गट निघाला की तसं लिहून द्या आणि खुर्ची सोडून बाहेर जा. चहा प्या. तुमचं ज्ञान कुठे जात नाही.

विटा वाळू सिमेंट, भुसावळ:
झालं. पुन्हा बिल्डर चोर. तुमच्या विहिरीचं वाईट वाटलं, खरंच सांगतो. पण एका शालकापायी सगळ्या धंद्याला फासावर द्यायचं का?

घराची परवानगी कुठलीच समिती देत नाही, हे आधी समजून घ्या. महापालिकेत फाइल नगररचना विभागात जाते, सही अधिकाऱ्याची. 2020 च्या एकात्मिक नियमावलीपासून मार्जिन किती, एफएसआय किती, म्हणजे प्लॉटच्या मानाने बांधकाम किती, सगळं छापील आहे. आणि कळणारा माणूस नसला की काय होतं तेही पाहिलंय. एका सभेत एक माननीय उठून म्हणाले, "हे मार्जिन म्हणजे बिल्डरचा नफाच ना? मग कमी करा की, घरं स्वस्त होतील." इमारतीभोवती सोडायच्या जागेबद्दल चाललं होतं! अशांच्या हातात शहर द्यायचं?

माझी एक फाइल सव्वा वर्ष पडून होती. बँकेचं व्याज कोण भरणार होतं, तुमचा मापाडी?

वकीलीण, धुळे:
दोघे दोन वेगळ्या खोल्यांत भांडताय. परवानगीबद्दल भुसावळकर भाऊंचं बरोबर आहे. पण गिरणाकाठ बोलताहेत ते आराखड्याबद्दल, आणि तिथे समिती असतेच. 1966 चा नगररचना कायदा, कलम 28. स्थायी समितीतले तीन, आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. हरकती ऐकतात ते हेच. आता जिल्ह्याच्या गावात 'जाणकार' कुठून आणणार? ज्यांच्या टेबलावर निम्म्या गावाचे ले-आउट पडलेले असतात, तेच.

कायदा अगदीच मुका नाही. महापालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाची भागीदारी निघाली तर पद जातं. अनधिकृत बांधकाम केलं तरी जातं. पण नकाशावरची रेघ म्हणजे ठेका नव्हे. रेघ चार बोटं सरकली की बांधापलीकडचा भाव कुठल्या कुठे जातो, आणि कागदावर कुणी कुणाला रुपयाही दिलेला नसतो. सिद्ध काय करणार?

पिंप्राळेकर:
ताई, सिद्ध होतं, फक्त वय जातं. जळगावचा घरकुल घोटाळा आठवा. अकरा हजारांवर घरांची योजना, हुडको या सरकारी कंपनीचं कर्ज. गुन्हा 2006 चा. निकाल 31 ऑगस्ट 2019 ला, तोही तुमच्याच धुळ्याच्या विशेष न्यायालयात. 48 जणांना शिक्षा. वर पुन्हा अपिलं. गुन्हा दाखल झाला तेव्हा माझा पोरगा बालवाडीत होता, निकालाच्या वर्षी त्याचं नाव मतदार यादीत लागलं.

विटा वाळू सिमेंट, भुसावळ:
जळगावकरांनी घरकुल काढलं नाही असा धागा दाखवा, जेवण माझ्याकडून. ते ठेक्याचं प्रकरण हो, इथे आराखड्याचं चाललंय.

पिंप्राळेकर:
काढणारच. कर्ज आमच्या गावाने फेडलंय, तुमच्या नाही. जेवणात भरीत ठेवा.

अमळनेरचा मामा:
गिरणाकाठ भाऊ, तुम्हनं म्हननं खरं शे. पण जरा व्यवहार बघा. आपल्याकडे सोयरीक मोजायला बसलात तर एकही माणूस खुर्चीवर राहायचा नाही. माझा व्याही नगरसेवक, त्याचा साडू आर्किटेक्ट, साडूचा भाचा भूमी अभिलेखात. मोजणीला तोच येतो. उद्या माझा प्लॉट निघाला तर तिघेही चहाला, आणि ठराव शिपाई करणार?

गिरणाकाठ:
मामा, नातं लिहून द्यायला सांगितलंय, तोडायला नाही. लग्नात अहेराच्या वहीत अकरा रुपयेसुद्धा नावासकट लिहितो आपण. इथे चार एकरांचा मामला आहे.

अमळनेरचा मामा:
अहेराची वही नंतर बायकोच वाचते हो. ही वही कोण वाचणार?

महाबळची सूनबाई:
तुम्ही मोठे रस्ते, मोठे आराखडे बोलताय. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसकडे कुणी बघेल का? ले-आउटमध्ये बगीचा दाखवला होता. आम्ही सहा-सात जणींनी अर्ज दिला, दोन बाकं आणि एक दिवा, बाकी काही नको म्हणून. तिथे एका रात्रीत चबुतरा, महिन्यात मंदिर, वर्षभरात मागे 'सभागृह'. सभागृहाची किल्ली माजी नगरसेवकांच्या घरी. हळदीकुंकवाला हॉल हवा होता, वहिनी म्हणाल्या, "साहेबांना विचारावं लागेल." आमच्या प्लॉटच्या पैशातून सुटलेली जागा, आणि साहेबांना विचारू?

विटा वाळू सिमेंट, भुसावळ:
याला म्हणतात मुद्दा. अर्धा एकर नाही, एकरभर ले-आउट पाडला की 10 टक्के जागा सोडतो ती आम्ही, बिल्डर. ती खातं कोण? बघा.

भक्त, जुनं जळगाव:
मंदिरावर घसरलात शेवटी. बाकीच्यांची अतिक्रमणं दिसत नाहीत, देवाचा ओटा तेवढा खुपतो. त्या जागेत आधी काय होतं? काटेरी बाभळी आणि दारूच्या बाटल्या. मंदिर झालं म्हणून तुमच्या सुना-लेकी संध्याकाळी तिकडून जाऊ शकतात.

महाबळची सूनबाई:
दादा, आरतीला मी रोज असते. देवावर माझी तक्रार नाही, किल्लीवर आहे. आणि बाभळी काढायला तक्रार मीच दिली होती. पोच आहे माझ्याकडे.

पिंप्राळेकर:
आमच्याकडे मंदिर नाही, व्यायामशाळा आहे. आत दोन डंबेल्स आणि साहेबांचा सात फुटी फोटो. व्यायाम फोटोचाच होतो.

भक्त, जुनं जळगाव:
मग व्यायामशाळेविरुद्ध लिहा की. मंदिराच्या वाट्याला का जाता?

वकीलीण, धुळे:
कुणी मंदिराच्या वाट्याला जात नाहीये. मोकळी जागा प्लॉटधारकांची, तिचा वापर ठरवणारा आणि तिथल्या संस्थेचा अध्यक्ष एकच माणूस कसा, एवढंच विचारलंय. हाच धाग्याचा विषय आहे खरं तर.

भक्त, जुनं जळगाव:
तुम्ही धुळ्याच्या, तुम्हाला आमच्या कॉलनीचं काय पडलंय? आधी आपल्या गावचं पाणी बघा, किती दिवसांनी येतं ते.

वकीलीण, धुळे:
पाण्यावर आलात ना? मग मुद्दे संपले.

देवपूरकर:
धुळ्याचं नाव निघालं म्हणून आलो. आमच्या गल्ल्या बघा, नंबर दिलेल्या, काटकोनात. 1819 मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने इथे ठाणं केलं आणि पेठ वसवली. रस्ते सरळ का? त्याचा धुळ्यात प्लॉट नव्हता आणि शालकही नव्हता.

अमळनेरचा मामा:
प्लॉट नव्हता कसा? त्याच्या कंपनीकडे पूर्ण खान्देशच होता!

देवपूरकर:
हे मात्र लागलं, मामा.

शांत माणूस:
मला वाटतं नगरसेवकच नकोत. 2023 ला मुदती संपल्या, जळगावात काय, धुळ्यात काय, प्रशासक बसले. ना स्थायी समिती, ना शालक. तोच कारभार बरा होता.

पिंप्राळेकर:
शांत भाऊ, फार शांत आहात. प्रशासक बदलीवर जातो, फाइल हलवणारा टेबलवाला तिथेच असतो. त्याला शालक नसतो का?

महाबळची सूनबाई:
प्रशासकांनाही अर्ज दिला होता. किल्ली आली नाही.

वकीलीण, धुळे:
सगळे मत कुणी दिलं, ठराव कुणी मांडला तेच बघताय. सगळ्यात स्वस्त युक्ती गप्प बसण्याची आहे. त्याच 1966 च्या कायद्याचं कलम 127. तुमच्या जागेवर शाळेचं किंवा बगीच्याचं आरक्षण पडलं आणि दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. त्यानंतर पालिकेला 24 महिने. 2015 च्या आधी तर 12 च होते. तेवढ्यात संपादनाची खरी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. नुसता प्रस्ताव पाठवला म्हणजे पावलं उचलली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगितलंय.

आता नोटीस आली, फाइल स्थायी समितीपुढे गेली, समितीने विषय 'पुढील सभेत' ठेवला. पुढच्या सभेत कोरम नाही. त्याच्या पुढच्या सभेत 'निधी उपलब्ध नाही'. 24 महिने असेच जातात. कुणी लाच घेतल्याचं दिसत नाही, कुणी हात वर केलेला नाही. आणि बगीच्याच्या जागी चार मजली उभी राहते. अशी एक फाइल मी मालकाच्या बाजूने लढवली आणि जिंकले. फी घेतली, नाकारत नाही. नंतर कळलं, ज्या सदस्याने विषय तीनदा पुढे ढकलला, त्याची बायको जमिनीच्या खरेदीखतात दुसऱ्या नंबरवर होती. तो उठून चहाला गेला असता तरी काय फरक पडला असता? विषय पुढेच ढकलला गेला असता.

गिरणाकाठ:
हे माझ्या डोक्यात नव्हतं. म्हणजे नुसतं खुर्ची सोडून भागत नाही.

वकीलीण, धुळे:
नाही भागत. विषय का ढकलला ते इतिवृत्तात नावासकट आलं पाहिजे. इतिवृत्त मागायला गेले तर म्हणतात, वही बांधणीला दिलीय.

विटा वाळू सिमेंट, भुसावळ:
बरं, मीही एक सांगतो, मग शिव्या घाला. सव्वा वर्ष पडलेल्या फाइलचं सांगितलं. दुसरी एक नऊ दिवसांत निघाली, ते सांगितलं नव्हतं. तेव्हा माझा भागीदार एका पालिकेत पदावर होता. त्याने फोन केला की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. नऊ दिवसांत निघालेली फाइल हातात आली की माणूस पेढे आणतो, प्रश्न विचारत नाही.

तर लिहून द्यायची अट घाला, माझी हरकत नाही. फक्त ती आमच्या एकट्याच्या डोक्यावर घालू नका. मास्तर नगरसेवकाच्या नावावर दोन एकर हिरव्या, म्हणजे शेतीच्या, पट्ट्यात आहेत, तो पट्टा पिवळा, म्हणजे राहण्याचा, व्हायला मतदान करतो, त्याला कुणी बिल्डर म्हणत नाही.

गिरणाकाठ:
मान्य. मास्तरांनाही लिहून द्यायला लावू. तुमच्या नऊ दिवसांना मात्र नमस्कार. आमची हरकत अजून 'विचाराधीन' आहे, रस्ता होऊन गेला.

अमळनेरचा मामा:
विहिरीचं काय झालं?

गिरणाकाठ:
बुजवली. डांबराखाली आहे. पावसाळ्यात त्या जागी रस्ता खचतो. मग नगरपालिका खडी टाकते, त्याचा ठेका कुणाकडे असतो ते विचारू नका.

भक्त, जुनं जळगाव:
सूनबाई, तुमच्या सभागृहाचं एक सांगा. मंदिरावरून मी जरा चिडलो होतो, ते सोडा. सभागृह मात्र आम्हालाही एकदा नाकारलंय, भंडाऱ्याला. तेव्हा साहेबांच्या मेहुण्याचा साखरपुडा होता तिथे.

महाबळची सूनबाई:
बघा! देवालासुद्धा नंबर लावावा लागतो.

विटा वाळू सिमेंट, भुसावळ:
किल्ली सोडा हो, मीटर कुणाच्या नावावर आहे ते बघा. बांधकाम परवानगी नाही, भोगवटा म्हणजे वापराचा दाखला नाही, मग वीज कशी आली? मीटरचं नाव काढा, आख्खं प्रकरण बाहेर येईल.

महाबळची सूनबाई:
आत्ता टॉर्च घेऊन जाऊन बघून आले. मीटरच नाही, भाऊ. आकडा आहे. आम्ही बाकांसोबत जो दिवा मागितला होता ना, तो खांब मात्र उभा केलाय. त्याच्यावरच टाकलाय.