मुंबईच्या गिरणगावातल्या (परळ-लालबागच्या जुन्या कापड गिरण्यांच्या भागातल्या) मोकळ्या जागा जोडायच्या की आधी माणसं टिकवायची?

परळकर: 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. 1991च्या नियमांत विकायला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा पालिकेला, एक म्हाडाला (सरकारी गृहनिर्माण संस्थेला) आणि उरलेला मालकाला होता. 1996 साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सुचवलं की लगतच्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र करा आणि परळ-एल्फिन्स्टन (आताचं प्रभादेवी) स्टेशनांपाशी चालणाऱ्यांसाठी मोठा चौक करा. 2001 मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बागा मिळाल्या त्याही सुट्या तुकड्यांत. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. स्टेशन, बाग, मैदान, चाळ यांना जोडणारी सलग पायवाट असल्याशिवाय हा भाग उभा राहणार नाही.

लालबागची मुलगी: दादा, पायवाट कोणासाठी? रस्ता देखणा झाला की घरांचे भाव चढतात. आमच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं पुनर्विकासाच्या काळात बिल्डर देतो त्या भाड्यावर बदलापूरला गेली, ती परतलेली नाहीत. आधी पागडीवाल्यांना (चाळीतल्या जुन्या भाडेकरूंना) हक्काचं घर द्या.

माटुंगावासी: आमच्याकडे आंबेडकर मार्गाच्या उड्डाणपुलाखाली 2016 पासून बाग आहे. तिथे पार्किंग होऊ नये म्हणून रहिवाशांनी पालिकेचा पिच्छा पुरवला. आता संध्याकाळी आजी-आजोबा निर्धास्त फिरतात. भाव बागेमुळे वाढतात हे मला पटत नाही, ते तर बागेशिवायही वाढलेच.

लालबागची मुलगी: माटुंग्यात घर टिकवण्याची ऐपत होती, म्हणून पिच्छा पुरवता आला. आमच्याकडे लोकच उठून गेले तर पालिकेच्या दारात जाणार कोण?

परळकर: हा मुद्दा खरा आहे, आणि जागा जोडण्याचं काम त्यासाठी थांबवू नये असंही मला वाटतं. लोअर परळला सेनापती बापट मार्गाच्या पुलाखाली 2022 मध्ये 200 मीटरचा पट्टा झाला. बसायला जागा, सावली, व्यायामाची सोय, सगळं चांगलं. पण बाहेर पाऊल टाकलं की पुन्हा गाड्या. तेच टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या परिसरात बघा. गावाहून आलेले रुग्णांचे नातेवाईक फुटपाथवर चटई टाकून पडलेले असतात. स्टेशनपासून तिथपर्यंत सावली, बाकं, पाणी आणि स्वच्छ शौचालय द्यायला कोणाचं घर हलवावं लागत नाही.

लालबागची मुलगी: त्या रस्त्यासाठी पालिकेकडे अर्ज करा, मी सही करते. फक्त तिथल्या वडापाव-चहावाल्यांना उठवणार नाही, हे अर्जात पहिल्या ओळीत लिहा.