१९६५ च्या नाशकातली हलकीफुलकी डिटेक्टिव्ह शॉर्ट फिल्म: रहस्य, काळ आणि कृष्णधवल छायाचित्रण

प्रश्न: पेठेतला_प्रेक्षक

साठच्या दशकातल्या खाजगी गुप्तहेरांच्या सिनेमांच्या धाटणीची २० मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय. खून नाही, चोरी आहे. हेर हुशार, पण जरा वेंधळा. काळ १९६५, रंगपंचमीच्या आसपासचा. सराफ बाजारातल्या एका सराफाचे पाटल्या-तोडे गायब होतात, तो पोलिसांकडे न जाता हेराला गाठतो. संशयित म्हणतो, "मी त्या संध्याकाळी गंगेवर होतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं होतं."

तीन अडचणी आहेत. सराफ पोलिसांकडे का जात नाही, हे पटत नाही. पुरावा दाखवला की प्रेक्षक लगेच ओळखतात. आणि रंगीत शूट करून कृष्णधवल केलेली टेस्ट लग्नाच्या व्हिडिओसारखी दिसते. कॅमेरा साधा मिररलेस, लाइट भाड्याने.

उत्तर १: तिवंधा_चौक

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्या सालातच आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. घरात असलेले जुने दागिने ठेवायला हरकत नव्हती. म्हणजे चोरीला गेलेल्या पाटल्या नव्याने घडवलेल्या, २२ कॅरेटच्या असतील, तर सराफ फिर्यादीत लिहिणार काय? एका वाक्यात काम होतं: "साहेब, चोर सापडला तर मीच आत जाईन." विनोदही झाला, कारणही मिळालं.

मारुतीचा संवाद मात्र काढा. दुतोंड्या मारुती गोदावरीच्या, म्हणजे आपल्या गंगेच्या पात्रात उभा आहे, त्याच्या छातीला पाणी म्हणजे पावसाळा. रंगपंचमीला असं बोलणारा माणूस पहिल्याच मिनिटाला पकडला जाईल, हेराची गरजच उरणार नाही.

त्यापेक्षा रहाड वापरा, म्हणजे चौकातला रंगाच्या पाण्याचा जुना हौद. वर्षभर बुजवलेली असते, रंगपंचमीला उघडते, मग पुन्हा बंद. गेल्या वर्षी रहाड बुजवताना कोणी डबा आत टाकला असेल, तर भर चौकात खणून काढायची सोय नाही, वर्षभर थांबावंच लागतं. सगळे धप्पा (उडी) मारून बाहेर येतात आणि एकच माणूस पुन्हापुन्हा आत बुडी मारतोय, हे हेराच्या मदतनिसाला नुसतं गमतीचं वाटतं. फक्त मग चोरी गेल्या वर्षीची धरा.

खऱ्या रहाडीच्या गर्दीत कलाकार उतरवू नका. रंगाचं पाणी कॅमेऱ्यात गेलं की भाड्याची अनामत गेली, आणि दुसरा टेक मिळत नाही. गर्दीचे दूरचे शॉट त्या दिवशी घ्या, बुडीचे जवळचे शॉट नंतर एखाद्या हौदात. कृष्णधवलात सगळे रंग राखाडीच दिसतात, त्यामुळे पाण्याचे उडते शिंतोडे आणि अंगाला चिकटलेले सदरे यांवर भर द्या.

उत्तर २: कात्री_आणि_डिंक

पुरावा कळतो, कारण तुम्ही त्याचा क्लोजअप घेता. मिड शॉटमध्ये, माणूस बोलत असताना, दोन-तीन सेकंद दिसू द्या. त्या जागी पार्श्वसंगीत अजिबात नको.

क्रमही महत्त्वाचा. आधी पुरावा, लगेच त्याच शॉटमध्ये विनोद. माणूस हसला की मागचं विसरतो, पण डोळ्याने पाहिलेलं असतं, म्हणून शेवटी फसवल्यासारखं वाटत नाही. उलट क्रम लावला तर हशात पुरावाच बुडतो आणि उलगडा आकाशातून पडल्यासारखा होतो. २० मिनिटांत तिसऱ्या मिनिटाच्या आत तक्रार, सहाव्या आणि अकराव्याच्या आसपास तोच पुरावा दोन वेगळ्या निमित्तांनी, सोळाव्यानंतर उलगडा. उलगड्याचं भाषण दीड मिनिटाच्या वर नेऊ नका. इथेच बहुतेक हौशी फिल्म झोपतात.

ट्रंक कॉल विसरू नका. मुंबईला फोन करायचा तर आधी बुक करून वाट बघायची, घाई असेल तर दुप्पट पैशांत अर्जंट. आणि हेर मुद्द्यावर येतो तेवढ्यात ऑपरेटर मध्येच: "तीन मिनिटं झाली."

हेराचं नाव धनंजय नको. ते रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांनी कधीच घेतलंय.

उत्तर ३: सावली_उजेड

"लग्नाचा व्हिडिओ" दिसतो तो सॉफ्टबॉक्समुळे, म्हणजे लाइटवर लावलेल्या पांढऱ्या कापडाच्या खोक्यामुळे. मऊ उजेड सगळीकडे सारखा पसरतो. सॉफ्टबॉक्स काढा, उघडा सीओबी लाइट (एकाच छोट्या ठिपक्यातून उजेड देणारा एलईडी) किंवा फ्रेनेल (पुढे भिंग असलेला लाइट) घ्या. वाड्याच्या खिडकीचे गज आहेतच, विलायती पट्ट्यांचे पडदे कशाला? लाइट खिडकीबाहेर १०-१२ फुटांवर ठेवा. गजांची सावली पुसट आली तर लाइट अजून मागे न्या किंवा पात्राला खिडकीजवळ आणा. एलईडी पॅनेलने धारदार सावली येणारच नाही, कारण उजेड देणारा पृष्ठभागच मोठा असतो.

सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर दुकानातल्या ट्यूब लपलपतात. मॉनिटर मोनोक्रोमवर ठेवा, रेकॉर्डिंग रंगीतच करा.

नंतर एडिटिंगमध्ये नुसतं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्य करू नका, चॅनेल मिक्सर वापरा, त्यात लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण वेगवेगळं ठरवता येतं. इथे एक खास आपल्याकडचा घोळ होतो: चेहरा उजळावा म्हणून लाल चॅनेल वाढवला की कपाळावरचं कुंकू नाहीसं होतं. १९६५ च्या गोष्टीत सराफाची बायको एका शॉटमध्ये कुंकवाची आणि पुढच्यात बिनकुंकवाची दिसली, तर प्रेक्षक सराफच गेला असं समजतील. हिरवा चॅनेल वाढवला की कुंकू गडद उमटतं, पण चेहऱ्यावरचे डागही उठतात. मेकअप त्या हिशेबाने करा.

किरण दिसायला ऊद पुरतो. धूर विरला की शॉट जुळत नाहीत, म्हणून त्या कोनातले सगळे शॉट एकदमच उरका.

पेठेतला_प्रेक्षक

चोरी गेल्या वर्षीची, म्हणजे १९६४. तेव्हाही १४ कॅरेटची बंदी होतीच ना? आणि रस्त्यावरच्या शॉटमध्ये काळ कसा सांभाळू? डुक्कर फियाट एक मिळतेय.

उत्तर ४: तिवंधा_चौक

होती, बिनधास्त धरा.

फियाटवर एमएच-१५ ची पाटी नको, ती पद्धत १९८९ ची. तेव्हा तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. पाकिटावर पिनकोड नको, तो १९७२ मध्ये आला. फलकावर "महानगरपालिका" नको, १९८२ पर्यंत नगरपालिका होती. नाण्यांवर "नये पैसे" चालेल: १९६४ मध्ये "नया" गेला, पण जुनी नाणी चलनात होती. नोटांची गड्डी दाखवायची तर वरखाली खऱ्या जुन्या नोटा आणि मध्ये कोरा कागद. नोटेसारखं काही छापणं गुन्हा आहे, आणि नाशिकरोडला नोटांचा छापखाना असताना ही हौस नकोच.

सराफ बाजारात पहाटे साडेपाच ते साडेसात शूट करा. तरी दुकानांची शटरं, एसीची खोकी, वायरी सगळं दिसतं, म्हणून फ्रेम ४:३ ठेवा. अरुंद बोळ त्यात छान उभा बसतो आणि बाजूचं आपोआप कापलं जातं. ड्रोनचा विचार देवळाली आणि ओझरच्या बाजूला तर करूच नका, तिथे लष्कर आणि हवाई दलाची ठाणी आहेत. गावातही आधी परवानगी काढा.