एन्सेनाडा (मेक्सिको), सेंत्रो भाग: टाको कुठे, कधी आणि काय मागून खायचे?

जुईली_एसडी:
सॅन दिएगोहून एका शनिवारी चौघं जण एन्सेनाडाला जाणार आहोत. सकाळी निघून रात्री परत, मुक्काम नाही. सेंत्रोत एकदाच गाडी लावून पायी फिरायचं आणि हॉटेलात बसण्याऐवजी नाक्यांवरच्या गाड्यांवर खायचं, असा बेत आहे. आमच्यातले दोघं मासे, चिकन, मटण खातात, पण बीफ आणि पोर्क नाही. एक जण पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. चौथ्या सासूबाई. त्यांना मासे फार प्रिय, पण कच्चं काही देणार नाही आणि तिखट बेतानंच. कुठल्या क्रमानं फिरावं? चांगला फिश टाको ओळखायचा कसा? आणि स्पॅनिश येत नाही, तर निदान काय काय विचारता यायला हवं?

मोरी_मसाला:
आधी घड्याळाचं बघा, पत्त्यांचं नंतर. एन्सेनाडात कुठला टाको कधी मिळतो हे वेळेवर ठरतं. बिरिया (मसाल्यात शिजवलेलं रसदार मांस) सकाळची, मासे आणि कोळंबी साधारण अकरा ते तीन, निखाऱ्यावरचं मांस अंधार पडल्यावर. चार वाजता पोचून "फिश टाको कुठे" म्हणून शोधायला लागलात तर चांगल्या गाड्या आवरायला लागलेल्या असतात आणि पर्यटकांच्या रस्त्यावरची हॉटेलं तेवढी उरतात.

सुरुवात तकोस फेनिक्सपासून करा. एस्पिनोसा आणि हुआरेझ या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, फुटपाथवरच, १९७० पासून. काम मुख्यतः दोनच गोष्टींचं: पेस्कादो म्हणजे मासा आणि कामारोन म्हणजे कोळंबी. हातात तुम्हाला फक्त मक्याची तोर्तिया (पातळ पोळी) आणि त्यावर तळलेला तुकडा मिळतो. कोबी, टोमॅटो-कांद्याचा पिको दे गायो, पांढरी क्रेमा, सालसा (तिखट चटणी) हे सगळं समोर मांडलेलं असतं, ते आपलं आपण घालायचं. इथेच सासूबाईंच्या तिखटाचा प्रश्न सुटतो.

आता चांगला टाको ओळखायचा कसा. पाटीकडे नाही, कढईकडे बघा. मधे खोलगट आणि कडेला पसरट अशी ती असते. पुष्कळ ठिकाणी तुकडे आधी अर्धवट तळून कडेवर ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा मधल्या गरम भागात सोडतात. यात काही वावगं नाही, उलट दुसऱ्या तळणीनं आवरण जास्त कुरकुरीत होतं. वांधा होतो तो कडेवर पंधरा-वीस तुकड्यांचा ढीग साचला की. खालचे तुकडे वाफेनं मऊ पडतात आणि दुसऱ्या तळणीत तेल पितात. म्हणून गर्दी असलेली गाडी निवडायची: तिथे ढीग साचतच नाही. दुकान उघडल्या उघडल्या पहिल्या घाण्यालाही जाऊ नका, तेव्हा तेल पुरतं तापलेलं नसतं.

पीठ मैद्याचं, त्यात मोहरीची पेस्ट, ओरेगानो, कधी बिअर. चावल्यावर आवरण पातळ आणि आत पोकळी जाणवली पाहिजे. आत चिकट पिठाचा थर लागला तर पीठ घट्ट होतं किंवा तेल थंड होतं.

मासा कुठला, हे जरूर विचारा: "के पेस्कादो एस?" या टाकोसाठी पूर्वापार वापरतात तो मासा आंखेलितो किंवा कासोन, दोन्ही शार्कच्या कुळातले. कासोन म्हणजे आपली मोरीच, मुंबईकडे मुशी म्हणतात ती. काटे नाहीत, मास घट्ट, तळताना तुटत नाही, म्हणून टाकोला इतका सोयीचा. पण शार्कच्या मासात युरिया असतो आणि मासा लवकर बर्फात गेला नाही तर त्याचा अमोनिया होतो. गाडीजवळ नाकात झोंबणारा तो वास आला तर पुढे चला, लिंबू कितीही पिळलं तरी तो जात नाही. आता बऱ्याच ठिकाणी तिलापिया किंवा बासा वापरतात. ते वाईट नसतात, पण मऊ आणि पाणचट, त्यामुळे आवरण लवकर ओलं होतं.

घालायचा क्रम: आधी कोबी, मग पिको दे गायो पाणी निथळून, मग क्रेमाची एक रेघ, सालसा, आणि लिंबू अगदी तोंडात घालायच्या आधी. दोन-तीन मिनिटांत संपवा. प्लेट बाकावर ठेवून फोटो काढत बसलात तर खाली वाफ धरते आणि तोर्तिया फाटते. एका वेळी एकच मागा, संपला की दुसरा. पैसे शेवटी द्यायचे, किती खाल्ले ते आपणच सांगायचं.

एक महत्त्वाचं. तुम्हाला पोर्क चालत नाही, आणि जुन्या पद्धतीच्या गाड्यांवर मासे डुकराच्या चरबीत, म्हणजे मान्तेकात तळतात. म्हणून पहिला प्रश्न हा: "कोन मान्तेका ओ कोन आसेइते?" आसेइते म्हणजे तेल. उत्तरात "मान्तेका" ऐकू आलं तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी वेगळा विचारा, फेनिक्सलाही.

निखारा:
माशांचं वर आलंच आहे, मी मांस आणि शाकाहाराबद्दल लिहितो.

बीफ-पोर्क नाही म्हटल्यावर रात्रीच्या गाड्यांवरचे बहुतेक पर्याय गळतात. कार्ने असादा, सुआदेरो, त्रिपा, लेंग्वा, काबेसा हे सगळं बीफ. त्रिपा म्हणजे आतडं, काबेसा म्हणजे डोक्याचं मांस. आदोबादा हे उभ्या सळईवर भाजलेलं लालसर मांस, मेक्सिको शहरात ज्याला आल पास्तोर म्हणतात त्याचा इकडचा अवतार, आणि ते पोर्क. बुचे आणि कार्नितासही पोर्क. उरतं पोयो, म्हणजे चिकन. तेही प्रत्येक गाडीवर नसतं, आणि असलं तरी त्याच तव्यावर, त्याच चिमट्यानं उलटलेलं असतं. हे चालणार नसेल तर रात्रीच्या गाड्या सोडूनच द्या आणि दिवसा मासळीवर भर द्या.

मटणवाल्यांसाठी खरी जागा बिरियाची. पण इथे फसायला होतं. तिहुआना आणि एन्सेनाडाकडे नुसतं "बिरिया" म्हटलं की ती बहुधा दे रेस, म्हणजे बीफची. बकऱ्याची हवी तर दे चिवो, मेंढीची दे बोर्रेगो. म्हणून "एस दे रेस ओ दे चिवो?" असं विचारल्याशिवाय ताट हातात घेऊ नका. चिवोची मिळाली तर सोबत कोन्सोमे मागा, म्हणजे रस्सा. त्यात बारीक कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घालून वाटीनं प्यायचा. ही सकाळची गोष्ट आहे. अकरानंतर पातेल्यात तळाचं उरतं, आणि ते खारट लागतं, कारण रस्सा आटलेला असतो.

शाकाहारी माणसाचं: "सोय वेहेतारियानो" (बाई असतील तर "वेहेतारियाना") एवढ्यानं भागत नाही. त्यावर चिकन पुढे करणारेही भेटतात. सरळ "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका" म्हणा. सिन म्हणजे शिवाय. मागायचं ते असं: पापा म्हणजे बटाटा भरून तळलेला टाको (तळण कशातलं ते इथेही विचारायचं), राहास कोन केसो म्हणजे भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि चीज, चांपिन्योनेस म्हणजे मश्रूम, आणि नोपालेस. नोपाल म्हणजे आपल्याकडे कुंपणाला असतो तो फड्या निवडुंग. कोवळी पानं काटे काढून भाजतात. नीट भाजली नसली तर भेंडीसारखी तार सुटते, म्हणून "बिएन आसादोस" सांगा.

चार ठिकाणी नडतं:
- फ्रिहोलेस, म्हणजे वाटलेला राजमा. त्यात मान्तेका बऱ्याचदा असतेच.
- आरिना, म्हणजे मैद्याची तोर्तिया. तीही मान्तेकात मळतात. मक्याची, म्हणजे दे माईस, मागितली की हा प्रश्न मिटतो. ती मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या पिठाची असते, त्यात चरबी लागत नाही.
- क्रेमा. फिश टाकोवरची पांढरी क्रेमा बहुधा मेयोनेझ पातळ करून केलेली असते, म्हणजे अंडं आलं.
- भात. पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजवतात.

जुईली_एसडी:
मान्तेका आणि मेयोनेझचं लक्षातच आलं नसतं, खूप आभार. ला गेरेरेन्सेचं नाव सगळीकडे वाचते. तिथे सासूबाईंसाठी काही शिजवलेलं असतं का? आणि तिखट किती?

तिसऱ्या_कालवं:
असतं. आणि जायलाच हवं, फक्त तिथे टाको नसतात, तोस्तादा असतात: तळलेली कडक तोर्तिया आणि वर गार मासळी. लोपेझ मातेओस आणि आल्वाराडो या रस्त्यांच्या नाक्यावरची ही गाडी १९६० पासूनची. सबिना बांदेरा यांनी ती जगभर नावारूपाला आणली. फेनिक्सपासून चालत जाता येतं. आधी फेनिक्सला गरम खा, मग इकडे या. उलट केलंत तर गार मासळीवर गरम तळण जड होतं.

सासूबाईंना सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, देऊ नका. लिंबाच्या रसानं मास पांढरं पडतं, त्यामुळे शिजल्यासारखं दिसतं, पण उष्णतेनं जंतू मरतात तसे आंबटानं मरत नाहीत. शिंपल्यांच्या बाबतीत हे जास्तच खरं. त्यांच्यासाठी "के एस्ता कोसिदो?" विचारा, म्हणजे शिजवलेलं काय आहे. पुल्पो (ऑक्टोपस) उकडलेला असतो, बाकालाओ हा शिजवलेला खारवलेला मासा. कोळंबी उकडलेली की लिंबातली, ते विचारून घ्या, दोन्ही प्रकार असतात.

बाकीच्यांनी एरीसो कोन आल्मेहा सोडू नये. एरीसो म्हणजे सी अर्चिन, आल्मेहा म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या जातीचे, पण चांगले मोठे शिंपले. एरीसो ताजा असला की पिवळाधमक, कडा स्पष्ट, आणि चव गोडसर खारी. कडा विरघळल्यासारख्या झाल्या असतील, रंग तपकिरी पडला असेल किंवा कडवट लागलं, तर तो जुना. लाल एरीसो धरायला मार्च ते जून बंदी असते, त्या दिवसांत दुसरं काही घ्या. पाता दे मूला हे काळपट रक्ताळ मासाचे शिंपले. कालवं आवडणाऱ्यांना ते आवडतील, नवख्यानं तिथून सुरुवात करू नये.

तिखटाचं: बाटल्यांची रांगच असते. "क्वाल पिका मेनोस?" म्हणजे कमी तिखट कुठली. आबानेरो आणि चिलतेपीन लिहिलेल्या बाटल्या सासूबाईंपासून लांब ठेवा. शेंगदाण्याची सालसा आपल्या जिभेला ओळखीची वाटेल, ती गार मासळीवर फार छान लागते. आधी तोस्तादाच्या कडेवर थेंबभर घालून चाखा. सगळीकडे ओतलीत की मासळीची चव गेली.

तोस्तादा दोन्ही हातांनी आडवी धरा आणि कडेनं खा. मधून चावलीत तर दुभंगते आणि सगळं शर्टावर येतं.

सीमापार:
जाण्या-येण्याचं थोडक्यात. वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण सीमेवर प्रवेशाची नोंद करून घ्या. परतीची कागदपत्रं निघायच्या आधीच तपासा. व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय जाऊच नका, टाको कुठे पळून जात नाहीत. अमेरिकेतला गाडीचा विमा पलीकडे चालत नाही, मेक्सिकोचा एका दिवसाचा घ्यावा लागतो. भाड्याची गाडी असेल तर कंपनीची परवानगी लेखी हवी. समुद्राकाठच्या टोल रस्त्यानं जा: साधारण १०० किलोमीटर, तीन नाके.

रोख पेसो जवळ ठेवा, सुटे. गाड्यांवर डॉलर घेतात, पण भाव त्यांच्या सोयीचा. टिप १० टक्के पुरे. पेयांत आग्वा दे हामाइका (लाल अंबाडीच्या बोंडांचं) आणि तामारिंदो (चिंचेचं) छान असतात. बर्फ नळीसारखा, मधे भोक असलेला दिसला तर तो कारखान्यातला शुद्ध पाण्याचा असतो. ओबडधोबड फोडलेला असेल तर बाटलीबंद घ्या.

शनिवारी संध्याकाळी परतताना सान इसिद्रोच्या सीमानाक्यावरची रांग लांबते. सुटायच्या आधी ओताय मेसा या दुसऱ्या सीमानाक्याची वेळही बघा, कधी कधी तिकडून लवकर सुटका होते.

मोरी_मसाला:
शाकाहारी मंडळींसाठी एक राहिलं. पीठ लावून तळलेली भाजी गाडीवर मिळाली तरी कढई माशाचीच असते. त्यापेक्षा तोच टाको घरी करा, फ्लॉवरचा. १ कप मैदा, १ चमचा बेकिंग पावडर, पाऊण चमचा मीठ, १ चमचा मोहरीची पेस्ट, अर्धा चमचा चुरलेला ओरेगानो, आणि १ कप बर्फासारखा गार सोडा किंवा बिअर. गुठळ्या राहिल्या तरी चालतील. जास्त फेटलं की आवरण चिवट होतं. फ्लॉवरचे तुरे तीन मिनिटं उकळून, निथळून, कापडावर पूर्ण कोरडे करा. ओले राहिले तर पीठ तेलात सुटून येतं. आधी कोरडा मैदा भुरभुरवा, मग पिठात बुडवून १८० अंशाला तळा. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका: तळाला न टेकता लगेच वर आला पाहिजे. एका घाण्यात पाच-सहाच तुरे. क्रेमासाठी घट्ट दही फडक्यात तासभर टांगून त्यात मीठ, लिंबू आणि थोडं दूध घाला, म्हणजे अंड्याचं मेयोनेझ लागत नाही. कोबी अगदी बारीक चिरा आणि मीठ लावू नका, नाहीतर पाणी सुटतं. तोर्तिया कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट भाजून फडक्यात गुंडाळून ठेवा. मासे खाणाऱ्यांसाठी हेच पीठ मोरीला किंवा घोळीला चालतं. बोंबलाला नाही, त्याचं पाणी आवरण टिकू देत नाही.